मामंजींची गोळी काकूंना कशी?

वेंगुर्ल्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंना मुतखड्याच्या ऑपरेशनआधी आठवडाभर रात्री टॅम्सुलोसिन घ्यायला सांगितली. स्ट्रिप बघून त्या म्हणाल्या, "ही तर आमच्या मामंजींची प्रोस्टेटची गोळी!"

गोळी तीच. खडा काढायला लघवीच्या वाटेने दुर्बीण वर मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीत, घालतात. अडचण जागेची आहे. मूत्रवाहिनी सुमारे २५ सेंमी लांब, पण आतून जेमतेम ३-४ मिमी. १९१२ साली ह्यू हॅम्प्टन यंग या अमेरिकी डॉक्टरांची दुर्बीण एका मुलाच्या मूत्रवाहिनीत वरपर्यंत गेली, ती त्याची नळी आजाराने फुगली होती म्हणून. १९६४ मध्ये डॉ. मार्शल यांनी लवचिक दुर्बीण वापरली. १९७४ मध्ये ताकायासू आणि आसो या जपानी डॉक्टरांनी दुर्बिणीला वाट करून देणारी नळी आणली. आजची 'शीथ' तिचीच वंशज. नेहमीच्या वापरातली १४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळ्यांच्या जाडीचं माप) शीथ बाहेरून ४.७ मिमी भरते. आता ३-४ मध्ये ४.७ घालायचे! जोर लावला की नळीचं अस्तर सोलवटतं: २०१३ च्या एका अभ्यासात ३५९ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना लहानमोठी इजा दिसली.

जोर लावायचा नसेल, तर डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी, आत टाकून दोनेक आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. इथल्या माणसाने आंबोली चढून कोल्हापूर गाठलेलं असतं, शुद्धीवर आल्यावर कळतं की खडा आत तसाच आहे. मग स्टेंटची टोचणी, सारखी लघवीची घाई, आणि तोच घाट दुसऱ्यांदा.

मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या स्नायूंवर प्रोस्टेटसारखेच अल्फा रिसेप्टर, म्हणजे आवळण्याचा निरोप घेणारे बिंदू, असतात. गोळी ते अडवते, स्नायू सैलावतो. २००० नंतर लहान खडे आपोआप पडावेत म्हणून ती दिली जाऊ लागली. २०१५ मध्ये ११०० हून अधिक रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत तिचा फायदा दिसला नाही आणि तो उत्साह ओसरला. ऑपरेशनआधी नळी सैल करण्याचा उपयोग मात्र टिकला. टॅम्सुलोसिन किंवा तिच्याच जातीची सिलोडोसिन घेतल्यावर शीथ सहज जाते, इजा कमी होते, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं. त्या बहुतेक लहान आहेत, हेही खरं.

काकूंची शीथ पहिल्याच फेरीत गेली. गोळीमुळे की नशिबाने, हे एका माणसावरून कसं सांगणार? कुळथाचं कळण त्यांनी सोडलं नाही. त्याने नळी सैलावत नाही, पण तेवढंच पाणी पोटात जातं. सकाळी झटकन उठल्यावर दोनदा घेरी आली, तो गोळीचा नेहमीचा त्रास. मामंजींचा मोतीबिंदू अजून काढायचाय. ही गोळी डोळ्यात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदाही (आयरिस) सैल करते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना ती आधीच दाखवायला सांगितलीय.