रिपोर्ट नॉर्मल, मग आवाज कसले?

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या एका स्कॅन सेंटरबाहेर दिंडोरीकडची एक बाई एमआरआयची फिल्म उन्हात धरून बघत होती. मुलगा १९ वर्षांचा. चार महिन्यांपासून त्याच्या कानात माणसं बोलतात, जेवणात कुणीतरी काही कालवतंय असं वाटून तो ताट सरकवतो. “डोकं नॉर्मल आलंय म्हणे. मग हा सोंग करतोय का हो?”

सोंग नाही, ताई. असे आवाज आणि संशय ज्यात येतात त्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या खुणा मेंदूच्या रचनेत सापडतात, पण एकट्याच्या फिल्मवर त्या वाचता येत नाहीत.

१९७६ साली ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये हा आजार बरीच वर्षं असलेल्या १७ रुग्णांचं सीटी स्कॅन केलं. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या रुग्णांमध्ये मोठ्या निघाल्या. पुढे २०१८ मध्ये ४,४७४ रुग्णांचे एमआरआय ५,०९८ निरोगी लोकांशी ताडून पाहिले गेले. मेंदूचा वरचा करडा थर रुग्णांमध्ये सरासरीने पातळ होता, विशेषतः कपाळामागे आणि कानशिलांपाशी. आठवणींशी जोडलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भागही थोडा लहान असतो. वर्षानुवर्षांच्या औषधांचा यात काही वाटा आहे, हे मान्य करायला हवं. पण औषध सुरू होण्याआधीही काही फरक दिसतातच.

हे सगळं सरासरीचं. उंचीसारखंच मेंदूचं माप माणसागणिक बदलतं, म्हणून एकाची फिल्म पाहून निदान होत नाही. मग डॉक्टर स्कॅन कशाला सांगतात? गाठ, सूज, जुनी इजा असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. ‘नॉर्मल’चा अर्थ तेवढाच.

मला सगळ्यात पटतो तो १९९० चा जुळ्यांचा अभ्यास. एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या, प्रत्येकीत एक आजारी, दुसरा ठणठणीत. दोघांच्या फिल्म शेजारी ठेवल्यावर १२ जोड्यांमध्ये नुसत्या नजरेने, पोकळ्यांवरून, आजारी कोण ते ओळखता आलं. त्यातल्या कित्येक फिल्म एकेकट्या पाहिल्या असत्या तर नॉर्मलच वाटल्या असत्या! आणि जनुकं सारखी असूनही एकच आजारी पडला, म्हणजे सगळा दोष रक्ताचाही नाही.

मेंदूचा तो करडा थर पातळ का होतो? बाईंची द्राक्षबाग होती, म्हणून छाटणीवरून सांगितलं. लहानपणी मेंदूत पेशींचे जोड गरजेपेक्षा जास्त असतात. वयात येताना मेंदू नको ते जोड काढून टाकतो, कपाळामागे हे काम सगळ्यात शेवटी उरकतं. आजारही बहुतेकदा याच वयात डोकं वर काढतो. २०१६ मध्ये सी-फोर नावाचं जनुक पुढे आलं. त्याचा एक प्रकार जास्त सक्रिय असेल तर आजाराचा धोका वाढतो, आणि उंदरांमध्ये हेच जनुक जोड छाटायला मदत करताना दिसलं. कात्री जरा जास्तच चालत असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

“ऑक्टोबर छाटणीला नवा गडी असला की ठेवायचे डोळेही उडवतो,” त्या म्हणाल्या. “पण त्यात वेलीचा काय दोष?” फिल्म पाकिटात घातली आणि बाकावर बसलेल्या पोराजवळ जाऊन त्याला विचारलं, “चहा घेतोस का रे?”