माळ्यावर म्हातारा झालेला बूट

गेल्या जुलैत आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, रात्री साडेनऊच्या सुमारास, माझ्या उजव्या बुटाचा सोल निघाला. शिवण उसवली नव्हती, खिळाही सुटला नव्हता. आधी टाचेकडून फटाफट आवाज यायला लागला. वीसेक पावलांनी अर्धा सोल मागे कातळावरच राहिला. टॉर्चच्या उजेडात तो उचलून दोन बोटांत दाबला, तर ओल्या पेंडेसारखा भुगा झाला.

आम्ही गेलो होतो आंबोली टोड बघायला. २००९ साली स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेलेला हा इवलासा बेडूक आंबोलीच्या जांभ्या कातळाच्या परिसरातच सापडतो. पायात होते हंटिंग बूट, म्हणजे शिकारीचे. भाच्याने अमेरिकेहून आणले होते. "आत्या, हे घालून तिकडे लोक हरणामागे दिवस दिवस चिखलातून फिरतात. तुला जन्मभर पुरतील," असं म्हणाला होता. चार वेळा घातले आणि ‘चांगले आहेत, जपून वापरू’ म्हणून खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. सहा वर्षं. आमच्या वाटाड्याच्या पायात होते बाजारातले साधे काळे गमबूट. गोठ्यात, शेतात, बागेत रोज तेच. पाच पावसाळे झाले होते त्यांना, आणि त्यांना काही म्हणता काही झालेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर कारणांची चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, सोल चिकटवायचं सोल्युशन हलकं वापरलं असणार. दुसऱ्याचं म्हणणं, कंपन्या मुद्दामच असा माल बनवतात. आमच्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "सड्यावर चढण्याआधी राखणदाराक गाऱ्हाणं घातलंव नाय, तेचा ह्या." म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला आधी विनवणी केली नाही, त्याचं हे फळ. मी कुडाळात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्या रात्री पावसात नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते. तिन्ही कारणं चूक आहेत. त्यांच्या मुळाशी असलेली समजूत त्याहून चूक आहे. ती समजूत अशी, की न वापरलेली वस्तू नवी राहते.

शिकारीच्या बुटाकडून अपेक्षा काय असते ते आधी बघू. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते शिकारीसाठी घेण्याचं कारण उरलं नाही, पण वनरक्षक, पक्षी-बेडकांमागे फिरणारे आणि कातळशिल्पं शोधत सडे तुडवणारे यांना नेमकं तसंच पादत्राण लागतं. घोट्याला आधार, पाठीवर ओझं असताना दबणार नाही असा तळ, आणि ओलीत टिकाव. या शेवटच्या गोष्टीवर भलेभले अडखळले आहेत. १९१२ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन लिऑनवुड बीन नावाच्या शिकारीवेड्या दुकानदाराने खाली रबर आणि वर चामडं असा जोड बूट विकायला काढला. पहिले १०० जोड विकले, त्यातले ९० परत आले. चामडं शाबूत होतं, रबरही शाबूत होतं. शिवणीजवळचं पातळ रबर टाक्यांनी कापलं गेलं होतं. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, उसने पैसे काढून बूट सुधारला आणि पुढे त्याच बुटावर मोठी कंपनी उभी केली. तेव्हापासून बुटाच्या टिकाऊपणाचा विचार म्हणजे झिजणं, उसवणं, फाटणं असाच होत आला. सगळे प्रकार घासण्याचे आणि ओढण्याचे. माझा बूट त्यातल्या कशानेच गेला नाही. तो एका रासायनिक अभिक्रियेने गेला, आणि ही अभिक्रिया तुम्ही दहावीत शिकला आहात.

सेंद्रिय आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आणलं की एस्टर तयार होतं आणि पाण्याचा रेणू बाहेर पडतो. प्रयोगशाळेत फळासारखा गोड वास येतो तो याचा. ही अभिक्रिया उलटही चालते, हे मात्र आपण परीक्षेनंतर विसरतो. एस्टरला पाणी मिळालं तर ते फुटून पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल होतं. याला म्हणतात जलापघटन.

आता बुटाकडे या. जमिनीला टेकतो तो खालचा थर बहुधा रबराचा असतो. त्याच्या वर, पाऊल आणि रबर यांच्यामध्ये, हलका, दाबला की परत उसळणारा जाड थर असतो. भारी बुटांत तो पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो. पॉलियुरेथेन ही जर्मनीतल्या ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांची १९३७ सालची देणगी. ते बनवायला दोन घटक लागतात, एक आयसोसायनेट आणि दुसरा पॉलिऑल. हे पॉलिऑल मुख्यतः दोन जातींचं असतं. पॉलिएस्टर जातीचं वापरलं तर तळ चिवट होतो, घासायला दाद देत नाही, तेला-पेट्रोलला पुरून उरतो आणि ओझ्याखाली चपटा होत नाही. पॉलिइथर जातीचं वापरलं तर पाण्याला टिकतो, पण घासण्याला आणि फाटण्याला कमी पडतो. कंपनी मुद्दाम वाईट माल देते, या आरोपाला माझ्या लेखी इथेच उत्तर आहे. खांद्यावर शिकार घेऊन डोंगर उतरणाऱ्या माणसासाठी पॉलिएस्टर निवडणं हा प्रामाणिक निर्णय आहे. फक्त त्या निवडीत पॉलियुरेथेनच्या साखळीसारख्या प्रत्येक लांबलचक रेणूत शेकडो एस्टर-दुवे आले, आणि दुव्यागणिक पाण्याला शिरायला एक फट.

ही साखळी आतून कशी असते ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिचे दोन प्रकारचे भाग असतात, ताठ आणि लवचीक. युरेथेनचे ताठ भाग शेजारच्या साखळ्यांतल्या ताठ भागांशी घट्ट गुंतून गाठी करतात. त्या गाठींना जोडणारे लांब लवचीक दोर पॉलिएस्टरचे. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा ताणले जातात ते हे दोर, आणि उचलता तेव्हा त्यांना मूळ जागी खेचतात त्या गाठी. पाण्याचा हल्ला होतो तो दोरांवर. युरेथेनचा बंध त्या मानाने चिवट असतो, म्हणून गाठी बऱ्याचशा शाबूत राहतात, पण त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारं काही उरत नाही.

किती दुवे तुटावे लागतात? फार नाहीत. समजा एका साखळीत २०० एस्टर-दुवे आहेत. त्यातले चारच तुटले, म्हणजे शंभरात दोन, तर साखळीचे पाच तुकडे झाले. वजन तेवढंच, रंग तोच, आकार तोच. काथ्याचा सुंभ डोळ्यांपुढे आणा. सुंभाची ताकद धाग्यांच्या लांबीत आहे, लांब धागे एकमेकांना पीळ घालून धरतात म्हणून तो ओझं पेलतो. तेच धागे बोटभर कापून पुन्हा पिळून ठेवले तर दिसायला सुंभच दिसेल, पण ओढला की हातात येईल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. खोक्यातून काढलेला माझा बूट नेमका तसा होता. पीळ दिसत होता, सुंभ केव्हाच संपला होता.

आणि आता मला सगळ्यात जास्त भावणारी गोष्ट. दुवा तुटला की तिथे आम्लाचं एक टोक उघडं पडतं, आणि आम्ल हे याच अभिक्रियेचं उत्प्रेरक आहे. म्हणजे एक दुवा तुटल्याने शेजारचा दुवा तुटणं सोपं होतं, त्यातून आणखी आम्ल, त्यातून आणखी वेग. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखंच हे. पहिली काही वर्षं आकडा किरकोळ वाटतो आणि मग एकाएकी घर गहाण पडतं. ‘काल-परवापर्यंत चांगला होता हो’ हे वाक्य म्हणूनच प्रत्येकाच्या तोंडी असतं. तो चांगला नव्हता. व्याज साठत होतं. मी सड्यावर चढताना गाऱ्हाणं घातलं असतं की नसतं, त्या आम्लाचा हिशेब माळ्यावर आधीच पूर्ण झाला होता.

हे पाणी पावसाचंच असावं लागतं असं नाही, हवेतली वाफ पुरते. सोलचा हा थर म्हणजे बारीक बुडबुड्यांचा फेस, भिंती अगदी पातळ. वाफ हळूहळू सगळीकडे झिरपते. किती पाणी मुरेल ते हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं आणि अभिक्रिया किती वेगाने होईल ते तापमानावर. थंड देशातल्या हीटर लावलेल्या घरात आर्द्रता ४०-५० टक्के आणि तापमान २० अंश. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के आणि तापमान २७-२८ अंश. पाणी जवळपास दुप्पट. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, या ठोकताळ्याने वेगही पावणेदोन पट. दोन्हींचा गुणाकार करा, साडेतीनच्या आसपास येतो. तिकडे दहा वर्षं टिकेल तो तळ आपल्या माळ्यावर याच हिशेबाने तीनेक वर्षांत म्हातारा होतो. हा ढोबळ हिशेब आहे, उन्हाळा-हिवाळ्याची हवा कोरडी असते तेवढी सूट धरायला हवी. पण जाहिरातीतलं ‘जन्मभर’ कुठल्या हवेतलं, हा प्रश्न दुकानात विचारायला हरकत नाही.

हीच अभिक्रिया तुमच्या घरातही चालू आहे. कपाटात ठेवलेल्या पर्सचे काळे पापुद्रे निघून कपड्यांना चिकटतात, रेक्झिनचा सोफा सोलवटतो. त्यातही बहुतेक वेळा हेच पॉलियुरेथेन असतं.

मग वाटाड्याचा गमबूट का टिकला? तो पीव्हीसीचा होता. पीव्हीसीच्या साखळीचा कणा कार्बनला कार्बन जोडून झालेला, त्यात एस्टर नाही, म्हणून पाण्याला तिथे कापायला काही सापडत नाही. त्याला मऊपणा आणणारी द्रव्यं वर्षानुवर्षं निघून जातात आणि तो कडक होऊन घोट्यापाशी चिरतो, पण ते दुखणं वेगळं. गंधकाने पक्क्या केलेल्या रबराचा कणाही कार्बनचाच. चार्ल्स गुडइयरला १८३९ साली ती युक्ती सापडली. त्याला ओझोन आणि ऊन खातं, आणि आपला जांभा कानशीसारखा घासून काढतो, पण पाणी त्याला तोडत नाही. माझ्या बुटाचा खालचा रबरी थर आजही खाचांसकट नवा आहे. वरचा तळच नाहीसा झाल्यावर तो कशाला धरणार?

म्हणजे वापराने बूट वाचतो का? नाही. रोज वापरणाऱ्याचे बूट जांभ्यावर घासून लवकर संपतात, एवढंच. जलापघटनाची पाळी येण्याआधी ते मोडीत निघालेले असतात.

चामड्याबद्दल थोडक्यात. चामडं म्हणजे कोलॅजेन, तीन साखळ्यांचा पीळ. तो पीळ १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी उलगडला. कच्चं ओलं कातडं साठ-पासष्ट अंशांवर आकसतं. हिरडा-बाभळीने कमावलेलं पंच्याहत्तरच्या पुढे तग धरतं, क्रोमने कमावलेलं शंभरीपर्यंत. म्हणून ओले बूट चुलीशेजारी वाळत घालू नयेत. चामडं एखादे वेळी वाचेल, सोल्युशनचं खरं नाही. आणि वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला वाहिलेल्या मोठ्या वहाणा झिजतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो, ही श्रद्धा आपल्याला माहीत आहे. तिचा मान ठेवूनही मला एक गोष्ट सांगायलाच हवी. कोकणच्या दमट हवेत चामडं कोणी पायात न घालताही खराब होतं. बुरशी त्यासाठी समर्थ आहे.

समुद्रावर बूट घालून जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. आषाढात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते यामुळेच. पुळणीवरून आलेले बूट गोड्या पाण्याने धुतले नाहीत तर सोलच्या सांदीत तीच बरणी भरून ठेवल्यासारखं होतं.

मग ठेवायचे कुठे? प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर नकोच. जुलैत बांधलेल्या पिशवीत जुलैचीच ओल कोंडली जाते. हवा खेळेल अशा उघड्या फळीवर, गच्चीच्या तापलेल्या पत्र्यापासून लांब ठेवावेत. बंद डबाच हवा असेल तर हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. विकत घेताना जिभेच्या आतलं लेबल बघा. पुष्कळ बुटांवर तिथे बनावटीचा महिना आणि साल असतं, आणि म्हातारपण मोजायचं ते तिथून, खरेदीच्या पावतीपासून नव्हे. निम्म्या किमतीत मिळणारा भारी बूट कोणाच्या गोदामात किती पावसाळे पडून होता, ते त्या एका ओळीत कळतं. जुन्या बुटाची परीक्षा अंगठ्याने होते. मधला थर जोरात दाबा. उसळून वर आला तर ठीक. बारीक भेगा दिसल्या, नख रुतलं, चिकट लागलं किंवा भुकटी आली, तर तो घालून जंगलात जाऊ नका.

माझे बूट मी सावंतवाडीच्या बाजारात नेले. कारागिराने रापीचं टोक तळात खुपसलं, ते सहज आत गेलं. "ह्यो कुजलो हा, बाई. सोल्युशन लावतलंय कशार?" मग त्याने दोन्ही बुटांचा भुगा खरवडून काढला, खाली चामड्यापर्यंत. जाड रबरी पट्टीचे दोन थर कापून चिकटवले, कडेने शिवले आणि जुना खाचांचा रबरी तळ पुन्हा खाली बसवला. बूट आता पहिल्यापेक्षा जड झालेत, चालताना टाचेला जरा टणक लागतात. सुखतळा परत घालण्याआधी मी त्याखाली ऑइल पेंटने तारीख लिहून ठेवली आहे.