एक ‘दोन’ माह्वांग

कोरियात वजन उतरवायला पारंपरिक वैद्याकडे गेलं की हाती बहुधा काढाच पडतो. पण तो घरी उकळत बसायचं नाही. एकेक डोस मोजून सीलबंद पाकिटांत भरलेला असतो. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट करायचा आणि घटाघटा प्यायचा. रंग काळपट, चव कडू.

या काढ्यांतलं गाजलेलं नाव ‘थेउमजोवीथांग’. ली जे-मा या वैद्याने १८९४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात माणसांचे चार प्रकार केले. आपली वात-पित्त-कफ प्रकृती आठवेल, पण इथे कोणता अवयव बलवान आणि कोणता दुबळा यावर प्रकार ठरतो. यकृत जोरदार, फुप्फुसं कमजोर आणि अंगाने भरदार तो ‘थेउमिन’. हा काढा त्याचा. मुळात तो थंडी बाधल्यावर द्यायचा होता, वजनासाठी वापर नंतरचा.

मापाचं नाव आहे ‘दोन’. आपला दोन नव्हे. एक ‘दोन’ म्हणजे ३.७५ ग्रॅम. यूलमू नावाचं तृणधान्य आणि वाळवलेले चेस्टनट तीन-तीन ‘दोन’, मुळ्याचं बी दोन ‘दोन’, मग पाच वनस्पती एकेक ‘दोन’. त्यात वेखंडाच्या जातीचं एक मूळ आहे. वाचताना निम्मा स्वयंपाकघराचाच जिन्नस वाटतो. पण त्या पाचांत माह्वांगही आहे, म्हणजे इफेड्रा. तेरा भागांत एक भाग, आणि भूक मारण्याचं काम मुख्यतः त्याचंच.

इफेड्रातलं इफेड्रिन मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन हे शरीराला सावध करणारं रसायन सोडायला लावतं. त्यामुळे भूक मंदावते, शरीर थोडी जास्त उष्णता तयार करतं. सोबत नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, झोप उडते. म्हणजे गुण आणि दोष एकाच कारणातून येतात, त्यांना वेगळं काढता येत नाही.

२००३ मध्ये अमेरिकेत आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. इफेड्रा घेणाऱ्यांचं वजन, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा, महिन्याला जेमतेम किलोभर जास्त उतरलं होतं. धडधड, अस्वस्थता, पोटाच्या तक्रारी मात्र दुपटीहून जास्त. त्याच वर्षी फेब्रुवारीत इफेड्राची गोळी घेणारा २३ वर्षांचा एक बेसबॉलपटू फ्लोरिडातल्या सरावात उष्माघाताने गेला. २००४ मध्ये तिथल्या पूरक आहारांतून इफेड्रावर बंदी आली.

कोरियात वैद्य अजूनही हा काढा लिहून देतात. हृदयाचा त्रास किंवा चढा रक्तदाब असेल तर हे आधी सांगायचं, आणि काढा सुरू असताना कॉफी बाजूला ठेवायची. कॅफिन आणि इफेड्रिन दोघंही हृदयाला पळवतात.