ब्लॉक आणा, नुसत्या स्लाइड नकोत
(मूत्राशयाच्या गाठीची मार्कर तपासणी करायला येणाऱ्यांसाठी)

युरोलॉजिस्टनी चिठ्ठीवर 'आयएचसी' (गाठीच्या पेशींतली ठराविक प्रथिनं, म्हणजे मार्कर, रंगवून बघायची तपासणी) लिहिलं की मंडळी फाइल, सीटीच्या फिल्म, आधारची झेरॉक्स असं सगळं घेऊन नौपाड्यात आमच्या लॅबमध्ये येतात. खरा लागतो तो ब्लॉक, आणि नेमका तोच पिशवीत नसतो.

दुर्बिणीतून खरवडलेल्या गाठीचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवतात. जाळीदार प्लास्टिकच्या कॅसेटवरची ही काडेपेटीहून लहान वडी म्हणजेच ब्लॉक. उजेडात धरली की मेणात करडे-पांढरे कण दिसतात, तोच काढलेला तुकडा. कॅसेटच्या तिरक्या कडेवर नंबर असतो. तो रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का, हे हॉस्पिटलच्या काउंटरवरच बघून घ्या. ब्लॉक पाच-सहा असतील तर सगळेच आणा, कोणता घ्यायचा ते आम्ही ठरवू.

मागे बदलापूरचे एक काका रुमालात गुंडाळून दोन गुलाबी-जांभळ्या स्लाइड घेऊन आले. "काच आहे ना, हिच्यावरच करा." त्यांना परत पाठवताना आम्हालाही बरं वाटलं नाही. पण त्या काचेवरचा टिश्यूचा पातळ काप आधीच रंगवून, वर झाकणकाच चिकटवून बंद केलेला असतो. शिवाय एका कापावर साधारण एकच मार्कर होतो. डॉक्टरांनी चार लिहिले तर चार ताजे काप हवेत, तेही ३-४ मायक्रॉनचे आणि टिश्यू धरून ठेवणाऱ्या खास स्लाइडवर. आमच्या पद्धतीत काप जवळजवळ उकळत्या द्रावणात ठेवावा लागतो, साध्या काचेवरून तो सुटून येतो. "दुसरे लॅबवाले जुना रंग उतरवून करून देतात," असं आम्हाला ऐकवलं जातं. ब्लॉक हरवलाच असेल तर आम्हीही करतो, पण रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहून. ब्लॉक मिळत असताना ही तडजोड का करायची?

ब्लॉक मागायचा अर्ज कसा लिहायचा, हे विचारायला संकोच करू नका. नमुना आमच्याकडे तयार आहे. आधी रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात तर तुमचा हेलपाटा वाचेल. आणि मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हे मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं.

आता रिपोर्टबद्दल. "के-आय-६७ चाळीस टक्के, म्हणजे बाबांना चाळीस टक्के कॅन्सर?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. तसं नाही. गाठीतल्या शंभर पेशी मोजल्या तर चाळिसांच्या केंद्रकांत तपकिरी रंग दिसला, म्हणजे त्या विभाजनाच्या चक्रात आहेत. पी-५३ हा मार्कर आणखी चकवतो: जवळपास सगळी केंद्रकं गडद रंगली तरी जनुकात बिघाडाची शंका, आणि एकही रंगलं नाही तरी तीच शंका. म्हणून 'निगेटिव्ह' वाचून पेढे वाटू नका.

मार्करवरून आयुष्याची वर्षं मोजता येत नाहीत. पुढचा अंदाज मुख्यतः गाठ स्नायूपर्यंत पोचली का आणि ती हाय ग्रेड (पेशी जास्त बिघडलेल्या) की लो ग्रेड, यावर ठरतो. हे मूळ बायोप्सी रिपोर्टमध्येच असतं. नमुन्यात स्नायू आलाच नसेल तर कितीही मार्कर करा, ती उणीव भरत नाही. ते डॉक्टरांना नक्की विचारा, मग आमच्याकडे या. (हे लिहून आम्ही आमचंच गिऱ्हाईक कमी करतोय, कल्पना आहे.)

पीडी-एल-१ (इम्युनोथेरपीचं औषध लागू पडेल का, याचा अंदाज देणारा मार्कर) साठी मात्र कोणतं औषध डोक्यात आहे ते डॉक्टरांकडून लिहून आणा. हा मार्कर शोधणाऱ्या अँटिबॉडी वेगवेगळ्या आहेत, मोजायची रीतही एक नाही.

रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही. प्रत्येक खेपेला सोबत कंट्रोल स्लाइड (जिचा निकाल आधीच माहीत असतो अशी) लावतो, ती नीट रंगली नाही तर सगळं पुन्हा करतो, त्याचे जादा पैसे घेत नाही. उरलेला ब्लॉक सही घेऊन परत देतो. तो जपून ठेवा, पुढे टाटाला किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायला लागतो.

रविवारी लॅब बंद असते. त्या दिवशी ब्लॉक खालच्या मेडिकलवाल्याकडे ठेवून जाऊ नका. मागचा इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये सापडला होता.