चांदीचे अणू पायरीपाशीच काऊन थांबतात?

नागपुरात इतवारीतल्या मिठाईच्या दुकानात काजू कतलीवर जो चांदीचा वर्ख दिसतो तो ठोकून ठोकून पातळ केलेला, लॅबमधल्या फिल्मचं, म्हणजे चांदीच्या अतिपातळ थराचं काम बरोबर उलटं. व्हॅक्यूममध्ये चांदीची वाफ करायची आणि क्रिस्टलवर एकेक अणू बसू द्यायचा. आता फिल्म सपाट येणार का खडबडीत, हे बरंचसं त्या क्रिस्टलवरच्या पायऱ्या ठरवतात.

पायऱ्या कुठून आल्या? कितीही पॉलिश करा, क्रिस्टल थोडा तिरपा कापला जातोच, आणि तो तिरपेपणा अणूएवढ्या उंचीच्या पायऱ्यांत वाटला जातो. चांदीच्या १११ पृष्ठभागावर (क्रिस्टल एका ठराविक दिशेनं कापला की मिळणारा, अणू दाटीनं बसलेला पृष्ठभाग) पायरी साधारण ०.२४ नॅनोमीटर उंच, आणि १ डिग्रीचा फरक असला तर दोन पायऱ्यांमधला पट्टा जेमतेम १३-१४ नॅनोमीटर.

वरून पडलेला अणू या पट्ट्यावर भटकतो. शेजारी अणू जितके जास्त तितकी पकड घट्ट: मोकळ्यावर त्याला ३ शेजारी, पायरीला टेकला की ५, पायरीच्या खाचेत ६, म्हणून मे महिन्यात बर्डीत फिरणारा माणूस सावली दिसली की तिथंच उभा राहतो ना, तसा हा पायरीला चिकटतो अन् पायरी पुढे सरकते. पण पट्टा रुंद असला, क्रिस्टल थंड असला किंवा अणू धडाधड पडत असले तर ते मधेच एकमेकांना भेटून बेट करून बसतात.

खरी भानगड इथून. बेटावरच्या अणूला खाली उतरायचं तर कडेवर क्षणभर त्याचे शेजारी कमी होतात, म्हणजे जास्तीची ऊर्जा लागते. या अडथळ्याला शास्त्रज्ञांच्या नावावरून एर्लिक-श्वोबेल बॅरियर म्हणतात, १९६६ चं काम. चांदीवर चांदीच वाढवली तरी रूम टेंपरेचरला अणू वरच अडकतात, बेटावर बेट, झाली टेकडी.

तरी या बॅरियरला नुसतं व्हिलन ठरवणं मला पटत नाही. बेटं न होता नुसत्या पायऱ्या सरकत असतात तेव्हा अणू खाली उतरत नाहीत, समोरच्या चढत्या पायरीलाच चिकटतात, मग जो पट्टा रुंद त्याच्या पायरीला माल जास्त, ती भराभर पुढे येऊन तोच पट्टा खाते, असं करत पट्टे आपोआप सारखे होत जातात!

टेकड्या टाळायला क्रिस्टल तापवतात, अणू सावकाश टाकतात. १९९२ मध्ये मात्र चांदीवर थोडं अँटिमनी (धातूसारखं एक मूलद्रव्य) ठेवून बघितलं, तर मोठ्या बेटांऐवजी बारकी बारकी पुष्कळ झाली, बारक्या बेटावर अणू सारखा कडेला येतो, खूपदा अडला तरी कधीतरी उतरतोच, अन् थरावर थर नीट भरत गेले. अँटिमनी स्वतः फिल्ममध्ये गाडलं जात नाही, दरवेळी वरच्या थरावर येऊन बसतं.