कृपा आणि मरणोत्तर जीवन : बेळगाव सीमाभागातील ख्रिस्ती श्रद्धा

कृपा : ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असलेली संकल्पना. माणसाने न कमावलेली, त्याच्या लायकीवर न ठरणारी, देवाने आपणहून दिलेली माया आणि त्या मायेपोटी मिळणारी पापक्षमा, असा या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’, लॅटिनमध्ये ‘ग्रात्सिया’. मेल्यानंतर माणसाचे काय होते, या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तरही याच शब्दावर उभे असल्याने दोन्ही विषय येथे एकत्र घेतले आहेत. बेळगाव जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती एक टक्क्याहूनही कमी आहे. तरी बेळगावचा कॅम्प, खानापूर, नंदगड, निपाणी, चिकोडी या टापूत एवढ्याशा समाजाची प्रार्थना मराठी, कोंकणी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत चालते. घर एक, आजीची जपमाळ कोंकणीत, नातवाचा धर्मशिक्षणाचा वर्ग इंग्रजीत आणि भांडण मराठीत, असा प्रकार येथे नवलाचा नाही.

चार भाषांमुळे कृपेलाही एकच नाव उरलेले नाही. गोव्याकडून घाट चढून आलेल्या कॅथलिक घरांत ‘मरियेचा नमस्कार’ ही येशूच्या आईला उद्देशून केलेली प्रार्थना ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’ असा सुरू होतो. कन्नड कॅथलिक त्याच ठिकाणी ‘वरप्रसादपूर्णे’ म्हणतात. कन्नड प्रोटेस्टंट बायबलात ‘कृपे’ आहे आणि मराठीत ‘कृपा’. यांतला ‘वरप्रसाद’ हा शब्द या नोंदीच्या लेखकाला सर्वांत बोलका वाटतो. प्रसाद कोणी विकत घेत नाही आणि लायकी तपासून कोणी वाटत नाही. ओंजळ पुढे केली की तो हातावर पडतो. मराठीतल्या ‘कृपा’ शब्दाची अडचण वेगळी आहे. तो इतका वापरात आहे की गुळगुळीत झाला आहे. ‘गुरुकृपा’ टेम्पोच्या कपाळावर असते, ‘मातृकृपा’ बंगल्याच्या फाटकावर आणि ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ दवाखान्याच्या दारात. रविवारच्या उपदेशात पाळक तोच शब्द उच्चारतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानावर हे सगळे थर आधीच चढलेले असतात.

या टापूत रोजच्या बोलण्यातला धर्म बराचसा हिशोबाचा आहे. केलेले फेडावे लागते, पुण्याई गाठीला असावी लागते, पापाचा घडा भरतो, नवस बोलला तर तो फेडायचा. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाणारे हे मानतात आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तोंडीही हीच भाषा असते. त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानातला (अध्याय २०) द्राक्षमळ्याचा दृष्टांत येथे नेहमी अडखळतो. मालक पहाटे मजूर लावतो, मग तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला आणखी लावतो, आणि दिवस मावळायला तास उरला असताना नाक्यावर उभे असलेल्यांनाही बोलावतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकच दिनार ठेवतो. अथणीकडे द्राक्षबागा आहेत, चिकोडी-हुक्केरीकडे ऊस आहे. टोळीने मजुरी करणे म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यांना येशूच्या शिष्यांइतकेच ठाऊक असते. म्हणून पहाटेच्या मजुरांची तक्रार त्यांना रास्त वाटते, आणि येथे मालकाची बाजू घ्यायला उपदेशकाला घाम गाळावा लागतो. दृष्टांताचे मर्मही याच तक्रारीत आहे. ज्याला ती तक्रार पटत नाही, त्याला कृपा हा शब्द फार स्वस्तात कळलेला असतो. निपाणीजवळच्या एका गावात उपासना आटोपल्यावर एक वयस्कर शेतकरी प्रस्तुत लेखकाला म्हणाला होता, “देव हिशोब ठेवत न्हाई म्हणतात, खरं आपल्याला हिशोबाबिगर झोप लागत न्हाई की.” (या भागात ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

ख्रिस्ती विचार येथे दोन वाटांनी आला. प्रोटेस्टंट वाट लष्करी छावणीच्या सावलीत सुरू झाली. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बळ्ळारीहून बेळगावला आले. मिशनच्या शाळा निघाल्या आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेले. मराठी वाचकाला या वाटेवरचे ओळखीचे नाव म्हणजे बाबा पदमनजी (१८३१–१९०६). त्यांचा जन्म बेळगावचा, घर कासारांचे, आरंभीचे शिक्षण येथल्याच मिशनच्या शाळेत, आणि १८५४ मध्ये बाप्तिस्माही बेळगावातच झाला. मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारा हा माणूस आयुष्यभर एका प्रश्नाभोवती फिरत राहिला : प्रायश्चित्ते, व्रते, दाने करूनही पापाची टोचणी जात नसेल, तर ती जाते कशाने? त्यांचे उत्तर कृपा हे होते. मात्र वाद घालताना त्यांची लेखणी कृपाळू असेच असे नाही. पुढच्या पिढीतील ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी हेच उत्तर मवाळ सुरात दिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पेटी-तबल्यावर त्यांची भजने सुरू झाली की मराठी उपासनेत कृपा हा शब्द पहिल्यांदा घरचा वाटतो. उपदेशाला जे साधत नाही ते अभंगाला साधते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरी वाट कॅथलिक. गोव्याची सीमा खानापूर तालुक्याला चिकटलेली असल्याने माणसे, देवळांच्या (म्हणजे चर्चच्या) चालीरीती आणि पोर्तुगीज वळणाचे शब्द घाटावर सहज चढले. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला; त्याचे मुख्य देऊळ कॅम्पातील फातिमा मातेचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लोकभाषेत होऊ लागली आणि लोकभाषा कोणती, हा बेळगावचा जुना प्रश्न देवळातही शिरला. बैलहोंगल तालुक्यातील देशनूर येथे तर येशूसंघाच्या (जेझुइट) संन्याशांनी भगवी वस्त्रे धारण करून, लिंगायतांच्या विरक्त मठाच्या धर्तीवर आश्रम उभा केला. लिंगायत शेजाऱ्यांना कृपा समजावयाची तर त्यांच्याच अंगणात, त्यांच्यासारखे बसून, असा तो प्रयत्न होता.

दोन्ही वाटांचा मूळ वाद जुना आहे. माणूस केवळ विश्वासाने नीतिमान (म्हणजे देवापुढे निर्दोष) ठरतो, कर्मांनी नव्हे, हे मार्टिन लूथरने १५१७ पासून पुढे मांडले. त्रेंतच्या परिषदेने (१५४५–६३) कॅथलिक बाजू ठरवली : आरंभ कृपेचाच, पण माणूस तिला साथ देतो, आणि बाप्तिस्मा, मिस्सा यांसारख्या संस्कारविधींतून ती वाढते. बेळगावच्या मेथडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली (१७०३–९१) यांनी एक मधला दुवा दिला. माणूस देवाकडे वळण्याआधीच कृपा त्याच्यापाशी येऊन थांबलेली असते, असे ते मानत. एस.टी. स्टँडवर आपण पोचण्याआधी कोणी आपल्यासाठी जागा धरून ठेवावी, तसे हे. नीतिमान ठरण्याच्या मुद्द्यावर कॅथलिक आणि लूथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदेनेही त्याला संमती दिली. म्हणजे कागदावर बेळगावच्या या दोन मंडळ्यांमधले कृपेविषयीचे मुख्य भांडण मिटले आहे. ही बातमी सीमाभागातल्या बाकांपर्यंत फारशी पोचलेली दिसत नाही. पोचली असती तरी दफनभूमीत काही फरक पडला नसता, कारण खरा मतभेद तिथे आहे : मेलेल्यासाठी जिवंत माणूस काही करू शकतो का?

प्रोटेस्टंट उत्तर थोडक्यात ‘नाही’. ख्रिस्तावर विश्वास ठेवून गेलेला माणूस प्रभूपाशी आहे, उरलेले पुनरुत्थानाच्या दिवशी. मृत व्यक्तीच्या नावाआधी कैलासवासीच्या जागी ‘ख्रिस्तवासी’ लिहिण्याची मराठी ख्रिस्ती पद्धत हेच सांगते, आणि ती या श्रद्धेची सर्वांत आटोपशीर मराठी व्याख्या आहे. वधस्तंभावरच्या चोराला येशू ‘आज’ सुखलोकाचे वचन देतो (लूक २३:४३). त्या चोराने बाप्तिस्मा घेतला नव्हता, दान केले नव्हते, चुकांची भरपाई करायला त्याला वेळही नव्हता. प्रोटेस्टंट अंत्यविधीत हा उतारा वाचला जातो तेव्हा घरच्यांचे चेहरे सैल होतात. विशेषतः गेलेला माणूस दारू पिणारा असेल तर. त्याच्यासाठी आता काही मागायचे नसते. उपासना होते ती आभाराची आणि मागे राहिलेल्यांच्या सांत्वनाची.

कॅथलिक उत्तर ‘हो’. कृपेत मेलेला, पण अजून पुरता निर्मळ न झालेला आत्मा शुद्धिस्थानात असतो (कोंकणी घरांत ‘पुर्गातोर’) आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्याला मदत होते. म्हणून सातव्या दिवशी मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. हिंदू शेजाऱ्यांना दहावे-तेरावे आणि वर्षश्राद्धाच्या चौकटीतून हे चटकन समजते. काही प्रोटेस्टंट याच कारणाने नाक मुरडतात. साम्य वरवरचे आहे, असे धर्मशास्त्र सांगते : पिंडाने पितरांचे पोषण होते, मिस्सेत मात्र देवाकडे रदबदली असते, देणारा तोच. पण श्राद्धाच्या दिवशी कावळ्याची वाट पाहणारी शेजारीण आणि मिस्सेच्या यादीत नवऱ्याचे नाव वाचले जाते का, इकडे कान लावून बसलेली बाई, यांच्या मनातली घालमेल फार वेगळी असेल, असे वाटत नाही.

कॅथलिक पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. बेळगावात पहिल्या तारखेला आणखी एक ओझे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून तो दिवस एका बाजूला राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन. शहराचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले तेही २०१४ च्या १ नोव्हेंबरलाच. मराठी बोलणाऱ्या कॅथलिकाची त्या दिवशी सकाळ संतांच्या मिस्सेत जाते, आणि बाहेर पडावे तो रस्त्यावर एकीकडे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडे काळ्या फिती. स्वर्गात कोणती भाषा चालत असेल, हा विनोद त्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर हमखास होतो. हसतात सगळे, उत्तर कोणी देत नाही.

शिकवणूकही जागच्या जागी थांबलेली नाही. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळाचे काय, या भीतीने जुन्या पिढीतल्या बायका आठवडाभरात पोराला देवळात नेण्याची घाई करीत. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने २००७ मध्ये अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार असल्याचे म्हटले. दहनालाही कॅथलिकांना १९६३ पासून मुभा आहे. तरी सीमाभागात पुरण्याकडेच कल आहे, आणि त्याचे कारण धर्मशास्त्रापेक्षा घरच्यांजवळ जागा हवी, हे असते.

कृपेचा कायद्याशीही एकदा संबंध आला. धर्मांतराला आळा घालणारे विधेयक कर्नाटक विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच सुवर्णसौधातील अधिवेशनात मंजूर केले. त्यातील आमिषाच्या व्याख्येत पैसा, नोकरी यांच्याबरोबर देवाच्या अवकृपेचाही उल्लेख होता. जून २०२३ मध्ये पुढच्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. देवाची अवकृपा दाखवून भीती घालणारे उपदेशक नाहीत असे नाही. मात्र जिची किंमतच मोजायची नसते ती कृपा आमिष कशी ठरते, हा प्रश्न त्या वेळी पाळकांच्या बोलण्यात वारंवार येई.

२ नोव्हेंबरच्या दुपारी दफनभूमीत विळे आणि खराटे आधी येतात, मेणबत्त्या नंतर. पावसाने वाढलेले गवत काढायचे, फरशी पाण्याने धुवायची, झेंडूच्या पाकळ्यांनी क्रूस आखायचा. वारा असतोच, नारळाच्या करवंटीत किंवा फुटक्या कुंडीच्या आडोशाला ज्योत टिकवतात. एका थडग्यावर रोमन अक्षरांत पोर्तुगीज आडनाव, शेजारी देवनागरी, पलीकडे कन्नड. १ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत दफनभूमीला भेट देऊन प्रार्थना केली तर मृतांना उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट मिळते, अशी कॅथलिक शिकवण आहे. हिशोब मागच्या दाराने पुन्हा आत आलाच, असे यावर एखादा मेथडिस्ट म्हणतो. त्यावर, दिलेले दान वाटून खाल्ले तर तो हिशोब कसा, असे कॅथलिक विचारतो.

मिश्र लग्नांच्या घरांत हा वाद पुस्तकात राहत नाही. अशाच एका घरातली मुलगी, आई कॅथलिक आणि वडील मेथडिस्ट, त्या दिवशी दोन दफनभूमींत जाते. आईच्या थडग्यावर तिने दोन मेणबत्त्या लावल्या, विझलेली पुन्हा पेटवली, आणि जपमाळेचा एक दशक (दहा मण्यांचा भाग) म्हटला. मग रिक्षाने वडिलांकडे गेली. तिथे बसून हाताने गवत उपटले, ओल्या फडक्याने नाव पुसले, अर्धा तास नुसती बसली. पिशवीत मेणबत्त्यांचे अर्धे पाकीट उरले होते. ते का काढले नाही, असे विचारल्यावर म्हणाली, “नको. बाबांना चाललं नसतं.”