फाइल सर्व्हरसाठी स्थिर कर्नल

मोठ्या फाइल सर्व्हरसाठी निवडलेला, दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहतील असा कार्यप्रणालीचा गाभा. ‘स्थिर’ म्हणजे जुना नव्हे. नवी वैशिष्ट्ये शिरत नाहीत पण चुका दुरुस्त होत राहतात, तो स्थिर.

लिनक्सचा नवा कर्नल साधारण दर 9 ते 10 आठवड्यांनी येतो. त्यांतल्या मोजक्याच शाखा दीर्घ मुदतीसाठी सांभाळतात, 5.15, 6.1, 6.6 आणि 6.12 या तशा शाखा. डेबियन 12 या लिनक्स वितरणात (कर्नल आणि सोबतच्या प्रोग्रामांचा तयार संच) 6.1 आहे. रेड हॅट 9 हे दुसरे वितरण आपला आकडा 5.14 वरच ठेवते, मात्र पुढच्या कर्नलमधल्या दुरुस्त्या त्यात आणून बसवते. तेव्हा नुसत्या आकड्यावरून कर्नलचे वय काढणे फसवे.

फाइल सर्व्हरवर हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण एक्सएफएस, ईएक्सटी4 या फाइल प्रणाली आणि नेटवर्कवरून फाइली देणारा एनएफएस सर्व्हर कर्नलमध्येच चालतात. विंडोज यंत्रांना फाइली देणारा सांबा हा प्रोग्राम कर्नलबाहेर चालतो, पण त्याच्या फाइली शेवटी त्याच फाइल प्रणालीवर बसतात. झेडएफएस या फाइल प्रणालीची गोष्ट निराळी: ते कर्नलबाहेर तयार होऊन त्याला जोडले जाणारे मॉड्यूल असून त्याची प्रत्येक आवृत्ती ठरावीक कर्नलपर्यंतच चालते. कर्नल पुढे गेला आणि मॉड्यूल मागे राहिले, तर सर्व्हर उठतो पण झेडएफएसचा डिस्कसाठा (‘पूल’) दिसत नाही. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या जुन्या रेड (RAID) कार्डाचा आधार नव्या वितरणातून काढलेला असणे, हीही नेहमीची ठेच.

दीर्घ मुदतीची शाखाही चुकते. डिसेंबर 2023 मध्ये 6.1.64 मध्ये ईएक्सटी4 वरचा डेटा बिघडवणारी चूक सापडली. डेबियनने 12.3 रोखून धरली आणि दुरुस्तीसह थेट 12.4 काढली. त्यामुळे आलेली दुरुस्ती त्याच रात्री मुख्य सर्व्हरवर चढवण्यापेक्षा, सुरक्षेची निकड नसेल तर, आधी दुसऱ्या यंत्रावर काही दिवस चालवून पाहणे शहाणपणाचे.

सांगली-साताऱ्याकडे बदलाची वेळ ठरवताना ऊस विसरून चालत नाही. कारखान्याचे गाळप सुरू झाले की वजनकाट्याच्या पावत्या आणि ऊसबिलांच्या फाइली रात्रंदिवस वाढतात. मोठी उडी, म्हणजे 5.15 वरून 6.12 वर जाणे, गळीत हंगाम संपल्यावरच घ्यावी. अर्थात उन्हाळ्यातच, पावसाळ्यात ढकलू नये. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. तळमजल्यावरच्या सर्व्हरसमोर त्या आठवड्यात कर्नलचा प्रश्नच उरत नाही.

उडीआधी बॅकअप परत उतरवून पाहावा. नुसता घेतलेला बॅकअप मोजू नये. चालता जुना कर्नल ग्रबच्या (यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून किमान महिनाभर काढू नये.